र. धों. कर्वे यांचे विस्मृत कार्य

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव संततिनियमनाशी इतके निगडित झाले आहे की, त्यांच्या दुसऱ्या कार्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लैंगिक बाबतींत मनातल्या मनात कुढणाऱ्या माणसाला लज्जित न करता शास्त्रीय उत्तर देणे, हे ते कार्य होय.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव १८८२ साली जन्मले. विषय गणित, पेशा प्राध्यापकाचा. फ्रान्सहून परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. विल्सन कॉलेजच्या चालकांना हा प्रचार रुचला नाही आणि कर्व्यांनी प्राध्यापकी सोडली. संसारी माणसाच्या हिशेबाने हा सौदा आतबट्ट्याचाच!

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा ज्या गोष्टी घरच्या वैद्याजवळही बोलण्याची सोय नव्हती, त्या वाचक येथे विचारीत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेले असेल तर वाचकांच्या शंकांना त्यात उत्तर मिळालेच पाहिजे, आणि विकृती म्हटली तरी ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो फुकट गेला. कर्व्यांना दंड झाला.

आदल्याच वर्षी, मे १९३३ मध्ये, बर्लिनमधील माग्नुस हिर्शफेल्ड यांची संस्था नाझींनी उद्ध्वस्त करून तिचे ग्रंथ जाळले होते. लिंगबदलाच्या अगदी आरंभीच्या शस्त्रक्रिया याच संस्थेशी निगडित. त्या मानाने मुंबईतील शिक्षा सौम्यच. धास्ती मात्र दोन्हीकडे एकाच जातीची होती.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया व त्यामागील-पुढील समुपदेशन यांची तरतूद करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. परंतु तरतूद आणि उपचार यांच्यामध्ये रोजमुऱ्याचा प्रश्न उभा असतो. साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात रोजावर काम करणाऱ्याला मनोविकारतज्ज्ञ, रक्ततपासणी, संप्रेरकतज्ज्ञ अशा फेऱ्या घालावयाच्या, तर प्रत्येक फेरीस एक रोज बुडतो. शिवाय मुकादमाला रजेचे कारण काय सांगावे? केसपेपर स्वस्त असला तरी उपचार स्वस्त होत नाही, तो असा. अर्ध्यावर उपचार सुटला की मनाचे दुखणे मात्र सुटत नाही.

कर्व्यांच्या वाचकाला निदान टपालखर्चात प्रश्न विचारता येई, तोही तोंड न दाखविता. ही सोय कर्व्यांनी तोटा सोसून सव्वीस वर्षे चालविली. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले आणि मासिकही त्यांच्याबरोबर संपले.