ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई फुटबॉलर आपल्या गोव्याचा होता, पण त्याचं नाव किती जणांना माहितीये?

भारत आणि फुटबॉल हे दोन शब्द एकत्र आले की चर्चा कुठे जाते? आपण वर्ल्डकपला कधी जाणार, इथंच. पण एक काळ असा होता की ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये भारत पहिल्या चार संघांत होता आणि त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्यांच्या यादीत एका भारतीयाचं नाव वरच्या जागेवर होतं.

त्याचं नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा. गाव आसगाव, तालुका बार्देश. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या काळात गोव्यातली असंख्य कुटुंबं नोकरीधंद्यासाठी मुंबई गाठायची. धोबीतलावच्या आसपास एकेका गावाचे 'कूड' होते, तिथं गावाकडून आलेल्या माणसाची राहायची सोय व्हायची. या गोंयकारांनी मुंबईत तीन गोष्टी हमखास आणल्या, संगीत, बेकरीचा पाव आणि फुटबॉल.

नेव्हिल यांचं फुटबॉलही मुंबईतच मोठं झालं. ते टाटाच्या संघाकडून खेळायचे.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आजच्यासारखे लिलाव, करार, कोटींचे आकडे असलं तेव्हा काही नव्हतं. खेळाडूला कंपनी नोकरी द्यायची आणि तो कंपनीच्या संघाकडून खेळायचा. खेळ हे करिअर होतं, पण घर चालायचं ते नोकरीच्या पगारावर. मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांचे असे संघ होते आणि त्यांच्या मॅचेस कूपरेजच्या मैदानावर रंगायच्या. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप म्हणजे तर मुंबईचा मान. कलकत्ता, हैदराबादचे तगडे संघ तो जिंकायला इथं यायचे.

याच मैदानांवर नेव्हिल यांनी सेंटर फॉरवर्ड म्हणून नाव कमावलं. सेंटर फॉरवर्डचं काम एकच, गोल करणं. ते त्यांना पक्कं जमायचं. त्यांचे भाऊ डेरेक हेसुद्धा पुढे भारताकडून खेळले.

१९५२ ची जखम

नेव्हिल यांनी काय केलं ते कळायचं असेल तर चार वर्षं मागे जावं लागतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली होती. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. आणि समोर बूट घातलेला, युरोपातला एक बलाढ्य संघ. निकाल लागला १०-१.

या पराभवानंतर भारतीय फुटबॉलनं बूट घालणं मनावर घेतलं. संघाचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शिक्षक. त्यांनी खेळाडूंचा फिटनेस, पासिंग आणि मैदानावरच्या जागा या सगळ्यावर काम केलं. ड्रिबलिंग करत बसण्यापेक्षा बॉल पटकन पुढे द्या, ही त्यांची शिकवण होती. बॉक्समध्ये अचूक जागी हजर असणाऱ्या नेव्हिलसारख्या खेळाडूला अशी पद्धत फायद्याचीच होती.

मेलबर्न, १ डिसेंबर १९५६

१९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं. हंगेरीत उठाव झाला होता, सुएझवरून युद्ध पेटलं होतं, त्यामुळे अनेक देशांनी माघार घेतली. फुटबॉलमध्ये फक्त ११ संघ उरले. भारताची पहिली मॅच हंगेरीशी होती, पण हंगेरीचा संघ आलाच नाही. भारत थेट क्वार्टर फायनलमध्ये आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

कॅप्टन होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. सोबत पी. के. बॅनर्जी, किट्टू असे एक से एक गडी. नेव्हिल यांच्याबरोबर मुंबईच्या मैदानांवर खेळणारे गोलकीपर एस. नारायणही या संघात होते.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. १७ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, ४१ व्या मिनिटाला पुन्हा मॉरो. हाफ टाइमला २-२.

दुसरा हाफ सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती. नेव्हिल यांनी तिसरा गोल मारला. हॅटट्रिक! ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ८० व्या मिनिटाला किट्टूनं चौथा गोल केला आणि यजमानांना त्यांच्याच घरात ४-२ नं हरवून भारत सेमीफायनलला गेला. तिथं पोचणारा तो आशियातला पहिला संघ होता.

परत युगोस्लाव्हिया

सेमीफायनल ४ डिसेंबरला होती आणि समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, ज्यानं चार वर्षांपूर्वी १० गोल चढवले होते.

पहिल्या हाफमध्ये एकही गोल झाला नाही. ५२ व्या मिनिटाला भारतानं गोल केला. मारणारे अर्थात नेव्हिल. दोन मिनिटं का होईना, ऑलिम्पिकची फायनल भारताच्या हातात होती.

पण ५४ व्या मिनिटाला बरोबरी झाली. त्यानंतर युगोस्लाव्हियानं मागे वळून पाहिलं नाही. मॅच ४-१ नं गेली. त्यातला एक गोल तर आपल्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता. ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियानं ३-० नं हरवलं आणि भारत चौथा आला.

नेव्हिल यांच्या नावावर ४ गोल जमा झाले. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांचेही तेवढेच. तिघे मिळून स्पर्धेचे टॉप स्कोरर ठरले.

मग विसर का पडला?

पहिलं कारण साधं आहे. चौथ्या नंबरला पदक नसतं. त्यात त्याच ऑलिम्पिकमध्ये भारतानं हॉकीच्या फायनलमध्ये पाकिस्तानला १-० नं हरवून सलग सहावं गोल्ड आणलं. देशभर कौतुक झालं ते हॉकीचं.

दुसरं कारण म्हणजे भारतात तेव्हा टीव्हीच नव्हता. ते तीन गोल इथल्या लोकांनी पाहिले नाहीत, पेपरात वाचले. आणि तिसरं, फुटबॉलच्या आठवणी जपण्यात कलकत्ता कायम पुढे राहिलं. मुंबईत मात्र क्रिकेटच्या पुढे फुटबॉल हळूहळू मागे पडत गेला.

१९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार मिळाला पी. के. बॅनर्जींना, नेव्हिल यांच्याच मेलबर्नच्या जोडीदाराला. त्यानंतर अनेक फुटबॉलरना तो मिळाला, पण नेव्हिल डिसूझा हे नाव त्या यादीत कधीच आलं नाही. आपल्या खाशाबा जाधवांना निदान मरणोत्तर तरी अर्जुन मिळाला. नेव्हिल यांना तोही नाही.

१९८० साली मुंबईत नेव्हिल यांचं निधन झालं. वय होतं फक्त ४७.

२०२४ साली रहीम साहेबांवर 'मैदान' नावाचा सिनेमा आला, तेव्हा या पिढीविषयी पुन्हा थोडी चर्चा झाली. पण भारताचा फुटबॉल संघ १९६० च्या रोमनंतर ऑलिम्पिकला गेलेला नाही. म्हणजे ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा भारतीय फुटबॉलर आजही एकच आहे, आसगावचा आणि मुंबईचा नेव्हिल डिसूझा.