येरवड्याच्या डॉक्टरबाई आणि बरी झालेली मुले

येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी नोकरी करणाऱ्या एका डॉक्टरबाईंविषयी आज लिहितो आहे. नाव डॉ. सुनंदा अवचट. बरेच लोक त्यांना अनिता अवचट म्हणून ओळखतात. त्यांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. त्यांची आठवण होण्याचे निमित्त असे, की एकलहऱ्यात ओळखीपाळखीचे आईवडील मला एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मुलगा विशी-बाविशीचा असतो, औषधे चालू असतात, पूर्वीपेक्षा बराही असतो, पण खोलीबाहेर पडत नाही. अशा मुलांचे आधारगट असतात, तिथे त्याला नेऊन बघा, असे सुचवले की आईच्या चेहऱ्यावर धास्ती दिसते. आधीच हा आजारी, त्यात आणखी चार आजाऱ्यांच्या संगतीत बसवायचा, म्हणजे उरलासुरलाही जायचा, असा तिचा हिशेब असतो. या धास्तीला आधार नाही असे मी म्हणणार नाही, कारण संगतीचा परिणाम होतोच. प्रश्न संगत कोणाची आणि तिच्यामागे उभे कोण, एवढाच आहे. आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तर ज्यांनी रोजच्या कामातून दिले, त्यांत या बाईंचे नाव मी पहिले घेईन.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांची आणि अनिल अवचटांची ओळख झाली, पुढे लग्न झाले. अनिल अवचट डॉक्टरकी सोडून लेखनाकडे आणि सामाजिक कामाकडे वळले. घर चालवायला पगार लागतो. तो सुनंदाबाईंनी सरकारी नोकरी करून आणला आणि मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींचे संगोपन, स्वयंपाकपाणी यांत पतीने मोठा वाटा उचलला. त्या काळात ही वाटणी लोकांना विचित्र वाटली असणार. मला तर ती आजही आसपास फारशी दिसत नाही.

त्यांनी मानसोपचार ही शाखा निवडली आणि कामाची जागा होती येरवडा. अडीच हजार खाटांचे ते रुग्णालय. ज्यांना कुणी न्यायला येत नाही अशी माणसेही तिथे वर्षानुवर्षे राहतात. एवढ्या गर्दीत डॉक्टरचा दिवस वॉर्डातल्या फेऱ्या, केसपेपर आणि औषधांचे डोस यांत संपतो आणि समोरच्याशी निवांत बोलणे ही चैन होऊन बसते. सरकारी रुग्णालयात उभी हयात काढलेल्याला हे वेगळे सांगायला नको. सुनंदाबाईंनी बोलण्याची सवय सोडली नाही. पुढचे सगळे काम त्या सवयीतून उभे राहिले, असे मला वाटते.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचे अशुद्ध रूप. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. ओढणारी मुले बहुतेक कॉलेजच्या वयाची होती. अफूपासून बनलेला हा पदार्थ मेंदूतल्या वेदना आणि आनंदाच्या यंत्रणेवर ताबा मिळवतो. काही आठवड्यांत मेंदू त्याच्याशिवाय चालायचे विसरतो. पुडी मिळाली नाही की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब लागतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि आठवडाभरात बराच ओसरतो. तेवढे दिवस निभावून नेणे डॉक्टरला जमते. खरी अडचण नंतरची आहे. शरीर सुटते, पण ओढ राहते. जुना मित्र दिसला, तो कोपरा दिसला, घरात भांडण झाले, की ती उसळते. हा मेंदूचा आजार आहे हे तेव्हा घरच्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी मुलगा वाया गेला होता.

अनिल अवचटांनी या मुलांमध्ये फिरून गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि उपचारकेंद्र काढायला आर्थिक मदत देऊ केली. ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेख पतीचे, पैसा पु. लं.चा, पण आत रोज उभे राहायचे होते ते सुनंदाबाईंना. तिथे त्या सगळ्यांच्या मॅडम झाल्या.

सुरुवातीला हाताशी होते ते नेहमीचे शास्त्र. औषधे देऊन त्रास कमी करायचा, समुपदेशन करायचे, घरी पाठवायचे. व्यसनी मुलगा मात्र डॉक्टरला सहज गुंडाळतो. कुठे पुडी लपवावी, कोणता चेहरा केला की सुट्टी मिळते, हे त्याला पाठ असते. डॉक्टरला जे कळत नाही ते त्याच वाटेने जाऊन आलेल्याला दुसऱ्या मिनिटाला कळते. हे ओळखून मॅडमनी बऱ्या झालेल्या मुलांना केंद्रातच काम दिले. आधी मदतनीस म्हणून, मग पुरेशी तयारी झाल्यावर समुपदेशक म्हणून. ज्याच्यावर घरच्यांनीही विश्वास ठेवणे सोडले होते, त्याच्या हाती दुसऱ्याची जबाबदारी द्यायची, हा धोकाच होता. तो धोका पत्करण्यात या बाईंचे सारे वेगळेपण आहे. आजही मुक्तांगणच्या कार्यकर्त्यांत पूर्वी तिथे उपचार घेतलेले अनेक जण आहेत. दाखल झालेल्याला तिथे रुग्णमित्र म्हणतात. व्यसनमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले की वाढदिवस साजरा होतो. बायकांनी नवऱ्याच्या व्यसनाचा भार एकटीने वाहू नये म्हणून त्यांचा सहचरी नावाचा गटही आहे.

ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेतल्या अक्रन गावी १९३५ मध्ये बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघांनाही दारूचे व्यसन जडलेले होते. दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिलो तर आपण आज पीत नाही, हा अनुभव त्यांना आला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिच्या सभा सदस्यच चालवतात, तिथे डॉक्टरचे काही चालत नाही. मुक्तांगणने त्या पद्धतीतून बरेच घेतले, पण मागे मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. झटके आले, भ्रम झाले, कुणी जिवाचे बरेवाईट करायला निघाला, तर ते काम मित्राचे नाही, डॉक्टरचे आहे.

गटात नेमके काय घडते? पहिली उतरते ती लाज. नैराश्यात किंवा व्यसनात माणसाला वाटत असते की असा जगात मी एकटाच आहे. समोर आपल्याच वयाचा एखादा तेच सगळे सांगतो तेव्हा ही समजूत टिकत नाही. दुसरी गोष्ट आशेची. बरा होशील हे डॉक्टरने सांगणे निराळे आणि बरा झालेला मुलगा डबा घेऊन कामावर जाताना दिसणे निराळे. तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. मदत देणाराही त्या देण्याने सावरतो, कारण कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी त्याची गरज पडलेली असते.

पुराव्याचे बोलायचे तर दारूच्या बाबतीत अशा गटांचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० मध्ये निघाला. संपूर्ण दारूबंदी टिकवण्यात हे गट आणि त्यांच्याशी जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांइतकेच, काही बाबतींत जास्त परिणामकारक ठरले. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांत निष्कर्ष इतके जोरदार नाहीत. आशा आणि आत्मविश्वास थोडे वाढतात, पण लक्षणे किंवा दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण फारसे बदलत नाही. म्हणून गटात जायला लागला की गोळ्या बंद करायच्या, हा उद्योग कुणी करू नये.

मॅडमना स्वतःला कर्करोग झाला. डॉक्टरच्या खुर्चीतून रुग्णाच्या खुर्चीत जाणे आमच्या जमातीला फार जड जाते. त्यांनी आजारपणातही मुक्तांगणचे काम सोडले नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्या गेल्या. पुढे मानसशास्त्र शिकलेली मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतले. एक व्यक्ती गेली की संस्था बसते, हे आपण नेहमी पाहतो. ही बसली नाही, कारण ती चालवणाऱ्यांत तिथेच बरी झालेली माणसे होती.

हे सारे व्यसनाचे झाले. नैराश्य, चिंता, पहिल्यांदाच उसळलेला मनोविकार यांना ते लागू पडते का? आधाराची गरज तरी तीच आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत झालेली आढळली. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांचे आणि घरच्यांचे स्वमदत गट चालवते. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात आत्मीयता हा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले होते. ती स्वतः आजारी नव्हती, पण शेजारची होती, आणि ऐकून कसे घ्यावे व डॉक्टरकडे कधी पाठवावे हे त्यांना ठाऊक होते. पेठच्या डोंगरात जे झाले ते चिमण्यांच्या छायेतल्या एकलहऱ्यात का होऊ नये? औष्णिक वीज केंद्राचे जुने दोन संच बंद झाले, ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकू येते आणि आयटीआय करून कंत्राटी कामाची वाट पाहणारी मुले घरात बसून आहेत. त्यातली सगळी आजारी नाहीत, पण एकटी बरीच आहेत.

मुलाला गटात पाठवण्याआधी आईवडिलांनी काही गोष्टी जरूर विचाराव्यात. गट चालवणाऱ्याला प्रशिक्षण मिळाले आहे का, अडचण आली तर कोणत्या डॉक्टरला फोन जातो, तिथे बोललेले तिथेच राहते का, औषधे सोडायला कुणी सांगत तर नाही ना. पैसे उकळणारा किंवा चमत्काराची हमी देणारा गट असेल तर उंबरठ्यावरूनच परत फिरावे. पहिल्या दिवशी मुलगा एक शब्दही बोलला नाही तरी चालते, नुसता बसला तरी पुरे. तीन-चार वेळा जाऊनही नको म्हणाला तर बळजबरी करू नये. आणि जगण्यात अर्थ नाही अशी भाषा त्याच्या तोंडी येऊ लागली, तर गटाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, विनामूल्य आहे आणि पलीकडचा माणूस मराठीतही बोलतो.