द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, १९१० : सोलापूर – ९ डिसेंबर, १९४२ : हपै प्रांत, चीन) हे भारतीय शल्यचिकित्सक होते. चीन–जपान युद्धाच्या काळात भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी ते एक होत. जखमी सैनिक व युद्धग्रस्त ग्रामीण जनता यांची शुश्रूषा आणि स्थानिक तरुणांचे वैद्यकीय शिक्षण या कार्यात त्यांनी आयुष्याची अखेरची चार वर्षे वेचली.

प्रारंभिक जीवन

कोटणीस यांचा जन्म सोलापूरमधील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. पुढील पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांनी चीनला जाण्यासाठी आपले नाव नोंदवले.

वैद्यकीय पथक

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. शहरे व खेडी ओस पडली आणि लाखो कुटुंबे निर्वासित झाली. चिनी सेनानी झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये जनतेला आवाहन करून निधी उभारला. अलाहाबादचे डॉ. अटल (पथकप्रमुख), नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस यांची निवड होऊन सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. हांखौ येथे काम केल्यानंतर १९३९ मध्ये ते येनान येथे पोहोचले. तेथे माओ त्से-तुंग व झू दे यांनी त्यांचे स्वागत केले.

चीनमधील कार्य

वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीस यांना चीनमध्येच समजली. तरीही हाती घेतलेले काम सोडून ते परतले नाहीत. पुढे ते उत्तर चीनमधील वूताई पर्वताच्या परिसरातील आघाडीवर गेले. या डोंगराळ मुलखात रुग्णालयासाठी पक्की इमारत नव्हती. शत्रूच्या हल्ल्यांमुळे तळ वारंवार हलवावा लागे आणि जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत ठेवावे लागे. त्यामुळे औषधे व उपकरणे यांच्याइतकीच शुश्रूषेचे ज्ञान असलेल्या माणसांचीही निकड होती. १९४० मधील एका मोठ्या लढाईत कोटणीस यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. त्या मोहिमेत आठशेहून अधिक जखमींवर उपचार झाले.

कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांचे १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन निधन झाले होते. त्यांच्या नावाने चालवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. रुग्णसेवेबरोबर त्यांनी अध्यापनही केले. त्यासाठी ते चिनी भाषा बोलण्यास व लिहिण्यास शिकले. विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवल्यामुळे प्रशिक्षित माणसे तयार होऊ लागली. शल्यचिकित्सेचे चिनी पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते.

कुटुंब व निधन

१९४१ मध्ये त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. भारत व चीन या देशांच्या चिनी नावांतील अक्षरे घेऊन त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. मात्र अतिश्रमांनी खालावलेल्या प्रकृतीत अपस्माराचे झटके येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी कोटणीस यांचे निधन झाले. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले. कोटणीस यांचे दफन चीनमध्येच झाले.

स्मृती

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्या जीवनावर लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला व त्यात कोटणीस यांची भूमिकाही केली. चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी व पुतळा आहे. सोलापूर येथील त्यांच्या राहत्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे.