एइची शिबुसावा : पेढी, गिरणी आणि नीती

आधुनिक जपानच्या औद्योगिक जडणघडणीत ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, त्या एइची शिबुसावा यांचा जन्म १८४० साली आजच्या सायतामा प्रांतातील एका खेड्यात सधन शेतकरी कुटुंबात झाला. घरी रेशमाचे किडे पाळले जात. परंतु मुख्य उत्पन्न निळीचे. शेतकऱ्यांकडून निळीची पाने घ्यायची, ती कुजवून त्यांचे गोळे करायचे आणि रंगाऱ्यांना विकायचे, हा वडिलांचा व्यवसाय होता. पानांची प्रत पारखणे आणि भाव ठरवणे एइची किशोरवयातच शिकले. त्याच काळात ओदाका जुनचू या नात्यातील थोरल्या भावाकडे त्यांनी कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे अध्ययन केले. हिशेब आणि धर्मग्रंथ यांचा हा शेजार त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत टिकला.

सोळाव्या-सतराव्या वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. स्थानिक अधिकाऱ्याने गावातील संपन्न कुटुंबांकडून पैशाची मागणी केली. वडिलांच्या वतीने गेलेल्या एइचींनी घरी विचारून कळवतो, असे सांगताच त्या अधिकाऱ्याने त्यांचा सर्वांसमक्ष पाणउतारा केला. सामुराई, शेतकरी, कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी अशी तेव्हाची समाजरचना होती. कर्तृत्वाने नव्हे, तर केवळ जन्माने मिळणाऱ्या या अधिकाराविषयीची चीड पुढे त्यांना बंडापर्यंत घेऊन गेली. १८६३ मध्ये एक किल्ला काबीज करून योकोहामातील परकीयांची वस्ती जाळण्याचा कट त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी रचला. तो वेळीच सोडून दिला गेला, म्हणून एइची वाचले. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी ते तोकुगावा घराण्यातील योशिनोबु यांच्या सेवेत रुजू झाले आणि हे योशिनोबु पुढे शेवटचे शोगुन ठरले.

१८६७ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. शोगुनचे कुमारवयीन बंधू आकिताके यांच्यासोबत हिशेबनीस म्हणून एइची तेथे गेले. परकीयांना जाळायला निघालेला तरुण आता त्यांचे कारखाने, रेल्वे आणि रोखेबाजार पाहत होता. त्यांना सर्वाधिक आश्चर्य वाटले ते माणसांच्या वागणुकीचे. एक बँकर आणि एक लष्करी अधिकारी परस्परांशी बरोबरीने बोलत. बेल्जियमच्या राजाने तर भेटीत आपल्या देशाच्या लोखंडाची शिफारस केली. राजाला व्यापाराची लाज वाटत नाही, ही गोष्ट निळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाला किती मोलाची वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

ते परतले तेव्हा शोगुनशाही संपली होती. नव्या मेइजी शासनाने १८६९ मध्ये त्यांना अर्थखात्यात घेतले. करव्यवस्था, चलन, बँकविषयक कायदा अशी पायाभूत कामे तेथे झाली. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. बँकेसाठी जपानीत शब्द नव्हता. रुपे आणि व्यापारी घर या अर्थांची दोन चिन्हे जोडून ‘गिन्को’ हा शब्द रूढ झाला. त्याच्या निवडीत शिबुसावांचा सहभाग होता, असे मानले जाते. मराठीत ‘पेढी’ हा शब्द हाताशी असतानाही आपण ‘बँक’ स्वीकारला. जपान्यांनी उलट वाट धरली.

१८७३ मध्ये अर्थसंकल्पावरील मतभेदांमुळे त्यांनी राजीनामा दिला. सरकारी मानमरातब सोडून कमी प्रतिष्ठेच्या व्यापारात शिरणे मित्रांना विक्षिप्त वाटले. त्याच वर्षी दाइ-इची, म्हणजे पहिली, राष्ट्रीय बँक सुरू झाली. पुढच्या वर्षी तिचा एक प्रमुख भागधारक असलेले ओनो घराणे बुडाले. त्या संकटातून शिबुसावांनी बँक सावरली. त्यांचा आग्रह अनेकांच्या लहान भांडवलातून मोठा उद्योग उभारण्याचा होता. मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांना एकहाती सत्ता हवी होती, म्हणून दोघांचे कधी जुळले नाही. सुमारे पाचशे उद्योगांशी संबंध येऊनही शिबुसावांनी स्वतःचे औद्योगिक साम्राज्य उभारले नाही.

ओसाकाची सूतगिरणी हे त्यांच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. सरकारी गिरण्या दोन हजार चात्यांच्या आणि तोट्यातल्या. शिबुसावांनी १८८३ मध्ये १०,५०० चात्यांची, वाफेवर चालणारी गिरणी सुरू केली. त्यासाठी लंडनमध्ये शिकणाऱ्या यामानोबे ताकेओ या तरुणाला त्यांनी लँकेशायरच्या गिरणीत काम शिकायला लावले. पुढे हिंदुस्थानी कापूस लागू लागला. पण मुंबई-जपान मार्गावर पी अँड ओ आणि तिच्या साथीदार कंपन्यांची मक्तेदारी होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निप्पोन युसेन कंपनीची मुंबई फेरी सुरू झाली. प्रतिस्पर्ध्यांनी भाडी पाडली, तरी जपानी गिरण्यांनी आपला माल या कंपनीकडेच दिला; १८९६ मध्ये तडजोड झाली. या स्वस्त कापसातून निघालेल्या सुताने पुढे चीनच्या बाजारात मुंबईच्याच गिरण्यांना मागे रेटले.

या गिरणीच्या नफ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यंत्रे रात्रंदिवस चालत आणि रात्रपाळीत बहुसंख्य तरुण मुली असत. १८९६ मध्ये कामगारांच्या संरक्षणासाठी कायद्याची चर्चा निघाली, तेव्हा नीती आणि नफा एकत्र नांदू शकतात असे सांगणाऱ्या शिबुसावांनीच त्याला विरोध केला. पुढे त्यांची भूमिका मवाळ झाली. कायदा १९११ मध्ये झाला, पण रात्रपाळीवरील बंदी त्यानंतरही अनेक वर्षे लांबली. याच माणसाने तोक्योतील निराधारांचे आश्रयगृह अखेरपर्यंत सांभाळले, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींचा मेळ चरित्रकारांनी परोपरीने घातला आहे. मला तो पूर्ण पटत नाही.

१९१६ मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. कन्फ्यूशियसची वचने आणि मणिचौकट यांची सांगड घालणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्याच वर्षीचे. उरलेली वर्षे त्यांनी जपान-अमेरिका मैत्रीसाठी वेचली. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी सैन्य मांचुरियात घुसले आणि ११ नोव्हेंबरला, एक्याण्णवाव्या वर्षी, शिबुसावा निवर्तले.

२०२४ मध्ये दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. नोटेवर झळकण्याची ही त्यांची पहिली वेळ नव्हती. १९०२ पासून त्यांच्या बँकेने कोरियात काढलेल्या नोटांवरही त्यांचाच चेहरा होता. कोरियन लोकांनी त्या नोटांना तेव्हा विरोध केला होता, आणि नव्या नोटेची घोषणा झाल्यावर कोरियात पुन्हा नाराजी उमटली.