वाऱ्याचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडणार, हे कोणीही सांगेल. परंतु उद्या वारा किती वेगाने वाहील, हवेचा दाब किती राहील, हे गणिताने आधीच सांगता येईल काय? या प्रश्नाचा ध्यास ल्युईस फ्राय रिचर्डसन यांनी घेतला.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहरी झाला. त्यांचे घराणे शस्त्र हाती न धरणाऱ्या क्वेकर पंथाचे होते. केंब्रिज येथे शिकलेले रिचर्डसन १९१३ साली स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी एक पद्धत योजली. नकाशावर चौकटी आखावयाच्या, प्रत्येक चौकटीतील हवेची स्थिती आकड्यांत मांडावयाची आणि शेजारच्या चौकटींवरून तिच्यात होणारा बदल काढावयाचा.

इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. लढणे त्यांना मान्य नव्हते. परंतु स्वस्थ बसणेही त्यांना रुचेना. १९१६ साली नोकरी सोडून ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची वाहतूक करणाऱ्या पथकात दाखल झाले. विसाव्याच्या वेळी थंडगार निवाऱ्यातील गवताच्या ढिगावर बसून ते आकडेमोड करीत. १९१७ च्या धामधुमीत त्यांचे हस्तलिखित हरवले आणि कित्येक महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले!

पडताळ्यासाठी त्यांनी २० मे १९१० हा होऊन गेलेला दिवस निवडला होता. ६ तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. एवढी मोठी चूक दुसऱ्या एखाद्याने लपविली असती. रिचर्डसन यांनी मात्र १९२२ साली आपल्या ग्रंथात ती जशीच्या तशी छापली.

त्याच ग्रंथात त्यांनी एक विलक्षण कल्पना रंगविली. एक प्रचंड गोलाकार सभागृह आहे. त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविलेला आहे. तेथे ६४,००० माणसे एकाच वेळी हिशेब करीत आहेत. प्रत्येकाकडे नकाशाचा लहानसा भाग असून तो आपले उत्तर शेजाऱ्यांस कळवीत आहे. मध्यभागी उंच स्तंभावर बसलेला प्रमुख पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे पडणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकून सर्वांची गती सारखी राखीत आहे.

१९५० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एनिॲक या संगणकावर हवामानाचे गणित यशस्वी केले. ते पाहण्याचे भाग्य वृद्ध रिचर्डसन यांना लाभले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीचा पाया चुकीचा नव्हता, आरंभीच्या आकड्यांत समतोल नव्हता, हे पुढे सिद्ध झाले.

आजच्या महासंगणकात हजारो गणनयंत्रे अशीच काम वाटून घेतात आणि शेजारच्या यंत्रांना उत्तरे कळवितात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली सुरू झालेला ‘प्रत्यूष’ महासंगणक याच तत्त्वावर उभारलेला होता. एकट्याला न पेलणारे काम अनेकांनी वाटून घेतले, तर ते तडीस जाते. आणि प्रामाणिकपणे मांडलेली चूकदेखील पुढच्यांना वाट दाखविते.