इंजिनिअरिंगच्या व्हायवात हमखास येणारा पॉलीमॉर्फिझम एका जुन्या शाळामास्तरानं कोडिंगमध्ये आणला होता

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा, व्हायवाला कुठला प्रश्न हमखास येतो. दहातले आठ जण पॉलीमॉर्फिझमचं नाव घेतील. व्याख्या पाठ, उदाहरण पाठ, मार्क पदरात आणि विषय संपला.

पण हा शब्द प्रोग्रामिंगमध्ये आणला कुणी? वयाच्या पस्तिशीपर्यंत शाळेत गणित शिकवणाऱ्या एका इंग्रज माणसानं.

त्या माणसाचं नाव क्रिस्टोफर स्ट्रॅची.

घराणं मोठं, आणि त्याचा भारताशी थेट संबंध

१६ नोव्हेंबर १९१६ ला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात क्रिस्टोफरचा जन्म झाला. आजोबा सर रिचर्ड स्ट्रॅची ब्रिटिश भारतातले बडे अधिकारी. कालवे, बांधकाम, रेल्वे अशी सगळी खाती त्यांनी सांभाळली होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सोलापूर, पुणे, अहमदनगर हा सगळा पट्टा होरपळून निघाला. त्यानंतर सरकारनं जो दुष्काळ आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष हेच रिचर्ड स्ट्रॅची.

वडील ऑलिव्हर यांनीही काही काळ भारतात रेल्वेची नोकरी केली. पुढं ते शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामात शिरले आणि दोन्ही महायुद्धांत त्यांनी तेच काम केलं. आई रे स्ट्रॅची बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्यांपैकी एक. काका लिटन स्ट्रॅची तर इंग्लंडमधले गाजलेले चरित्रकार.

थोडक्यात काय, तर घरात सगळेच हुशार. अशा घरातल्या पोरावर अपेक्षांचं ओझं किती असतं हे वेगळं सांगायला नको.

आणि गाडी रुळावरून घसरली

१९३५ साली क्रिस्टोफर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. ॲलन ट्युरिंग तेव्हा याच कॉलेजात होते आणि दोघांची ओळखही झाली. पण तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच क्रिस्टोफर मानसिकदृष्ट्या पूर्ण कोलमडले. शिक्षण थांबवावं लागलं. परत येऊन त्यांनी डिग्री पूर्ण केली खरी, पण हातात पडला लोअर सेकंड क्लास. त्या मार्कांवर संशोधनाची दारं बंद झाली.

मग नोकरी. टेलिफोन आणि रेडिओच्या एका कंपनीत त्यांना रडारला लागणाऱ्या व्हॉल्व्हचं गणित करायचं काम मिळालं. आकडेमोड इतकी किचकट की त्यासाठी डिफरन्शिअल ॲनालायझर नावाचं यंत्र वापरावं लागायचं. आपली गणितं यंत्राकडून करून घेण्याची चटक त्यांना इथंच लागली.

युद्ध संपलं आणि ते मास्तर झाले. आधी कँटरबरीच्या एका शाळेत, मग १९४९ पासून हॅरो या नामांकित शाळेत. चारचौघांसारखं आयुष्य इथंच संपायला हरकत नव्हती.

ख्रिसमसची सुट्टी संपली आणि चक्रं फिरली

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्रानं त्यांची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या माणसांशी गाठ घालून दिली. तिथं ट्युरिंग यांच्या आराखड्यावर बनलेला पायलट एस नावाचा कॉम्प्युटर होता. स्ट्रॅची शाळेत परतले आणि मोकळ्या वेळात त्या मशीनसाठी ड्राफ्ट्स, म्हणजे ज्याला अमेरिकेत चेकर्स म्हणतात, तो खेळ खेळणारा प्रोग्राम लिहायला बसले.

त्या मशीनची मेमरी प्रोग्रामला पुरेना. मँचेस्टरमध्ये जास्त मेमरीचं मशीन आल्याचं कळताच त्यांनी ट्युरिंगकडून त्याचं मॅन्युअल मागवलं आणि प्रोग्राम नव्यानं लिहिला. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत तो प्रोग्राम अख्खा डाव बऱ्यापैकी वेगात खेळायला लागला होता.

याच मँचेस्टरच्या मशीनकडून त्यांनी ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवून घेतलं. मशीनच्या भोंग्यातून निघणाऱ्या त्या सुरांचं १९५१ साली बीबीसीनं रेकॉर्डिंग केलं. १९५२ मध्ये त्यांनी चक्क प्रेमपत्रं लिहिणारा प्रोग्राम केला. शब्दांच्या याद्या द्यायच्या आणि मशीननं त्यातून आपल्या मनानं शब्द उचलून पत्र जुळवायचं. आज चॅटबॉटकडून मेसेज लिहून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, हा उद्योग सत्तर वर्षांहून जुना आहे.

जून १९५२ मध्ये स्ट्रॅचींनी शाळा सोडली. वय ३५. आता पूर्णवेळ काम म्हणजे कॉम्प्युटर.

कामं बरीच केली, कागदावर थोडी उतरवली

सरकारी संशोधन महामंडळात असताना त्यांनी पेगासस या कॉम्प्युटरच्या रचनेत मोठा वाटा उचलला. १९५९ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी टाइम शेअरिंगवर पेपर वाचला. एकाच मशीनचा वेळ अनेक कामांत वाटून द्यायचा ही ती कल्पना.

१९६२ पासून केंब्रिजमध्ये सीपीएल नावाची नवी भाषा बनवण्याच्या कामात ते उतरले. भाषा इतकी महत्त्वाकांक्षी होती की ती पूर्ण रूपात कधी नीट उभीच राहिली नाही. पण त्या गटातल्या मार्टिन रिचर्ड्स यांनी तिचं आटोपशीर रूप काढलं, बीसीपीएल. त्यातून केन थॉम्प्सन यांची बी आली आणि बी वरून डेनिस रिची यांची सी. म्हणजे ज्या सी मधून आपण पहिला प्रोग्राम लिहितो, तिची पणजी स्ट्रॅचींच्या घरातली.

पण त्यांचा खरा ठसा उमटला तो कोपनहेगनमध्ये.

ऑगस्ट १९६७, कोपनहेगन

प्रोग्रामिंगच्या एका आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्गात स्ट्रॅची शिकवायला गेले. एकच नाव वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीवर काम कसं करतं, हा त्यांच्या व्याख्यानांतला एक मुद्दा होता. हेच पॉलीमॉर्फिझम. त्याचे त्यांनी दोन भाग पाडले.

पहिला, ॲड हॉक. बेरजेचं चिन्ह घ्या. २ आणि ३ ची बेरीज आणि २.५ आणि ३.७ ची बेरीज आपल्याला सारखीच वाटते. पण मशीनच्या पोटात पूर्णांक आणि दशांश वेगवेगळ्या पद्धतीनं साठवलेले असतात, त्यामुळे दोन्हींसाठी यंत्रणा वेगळी लागते. चिन्ह एक, कामं दोन. कुठलं काम चालवायचं हे समोर काय आलंय ते बघून ठरतं.

दुसरा, पॅरामेट्रिक. एका रांगेत किती डबे आहेत हे मोजायला डब्यात भाजी आहे की आमटी हे उघडून बघावं लागत नाही. तसंच यादीची लांबी मोजणारा कोड यादीत आकडे असोत की नावं, एकदाच लिहिला की पुरतो. आत काय आहे ती जागा मोकळी सोडायची आणि वापरताना भरायची. ही मोकळी जागा म्हणजे पॅरामीटर.

आता तुम्ही म्हणाल, दोन भाग पाडले, त्यात एवढं काय?

गंमत अशी की आजच्या भाषांमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच जागी येऊन भिडतात. एकाच नावाच्या अनेक मेथड असतील, तर नेमकी कुठली चालवायची हे ठरवण्याला मेथड डिस्पॅच म्हणतात. आणि माहितीचा प्रकारच जर पॅरामेट्रिक असेल, तर डिस्पॅचनं फक्त डबा बघायचा की आतला पदार्थही बघायचा?

या प्रश्नाला प्रत्येक भाषेनं आपापलं उत्तर शोधलं.

सी प्लस प्लस प्रत्येक पदार्थासाठी कोडची वेगळी प्रत तयार करते आणि निवड कंपाइल करतानाच उरकून टाकते. जावानं २००४ मध्ये जेनेरिक्स आणले, पण कंपाइल झाल्यावर डब्यावरचं लेबल पुसलं जातं. नावांची यादी आणि आकड्यांची यादी, दोन्ही नुसत्या याद्या. म्हणून फक्त एवढ्याच फरकावर एकाच नावाच्या दोन मेथड एका क्लासमध्ये लिहिल्या तर कंपाइलर त्या नाकारतो.

२०१२ मध्ये जाहीर झालेल्या ज्युलिया या भाषेनं वेगळी वाट धरली. तिच्या चार निर्मात्यांपैकी एक विरल शाह हे भारतीय आहेत. ज्युलिया लेबल पुसत नाही. एक मेथड कुठल्याही ॲरेसाठी आणि दुसरी खास पूर्णांकांच्या ॲरेसाठी असेल, तर पूर्णांकांचा ॲरे आल्यावर दुसरी चालते, बाकी सगळ्यांना पहिली. जी जास्त नेमकी तिचा मान आधी.

पण इथंच नवीन पोरं अडकतात. पूर्णांक हा वास्तव संख्येचाच एक प्रकार. मग वास्तव संख्यांच्या ॲरेसाठी लिहिलेली मेथड पूर्णांकांच्या ॲरेला चालायला हवी ना? ज्युलियात नाही चालत. दुसरी कुठली बसणारी मेथड नसेल, तर थेट एरर.

कारण सोपं आहे. वास्तव संख्यांच्या डब्यात २.५ ठेवता येतं, फक्त पूर्णांकांसाठी बनवलेल्या डब्यात नाही. पूर्णांकांच्या डब्याला दुसऱ्या डब्याचं लेबल लावू दिलं, तर कुणीतरी कधीतरी त्यात २.५ टाकणारच. जावानं आपल्या ॲरेंना अशी सूट दिली आणि त्याची किंमत म्हणून चुकीची वस्तू टाकल्याचं प्रोग्राम चालू असताना कळतं. ज्युलियात यावर उपाय म्हणजे मेथड लिहितानाच सांगायचं, की वास्तव संख्येखाली येणाऱ्या कुठल्याही एका प्रकाराचा ॲरे चालेल. पॅरामीटरची मोकळी जागा तशीच राहते, फक्त तिला कुंपण मिळतं.

गो भाषेलाही २०२२ मध्ये हीच पॅरामीटरची सोय आणावी लागली. कोपनहेगनच्या वर्गानंतर तब्बल ५५ वर्षांनी.

नोट्सच राहिल्या

कोपनहेगनच्या आधीच स्ट्रॅचींनी ऑक्सफर्डमध्ये प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुप सुरू केला होता. १९६९ मध्ये डेना स्कॉट यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रामचा अर्थ गणितात मांडायची पद्धत उभी केली. १९७१ मध्ये ऑक्सफर्डनं त्यांना प्रोफेसर केलं. एकेकाळी मार्कांअभावी ज्याला संशोधनाची वाट मिळाली नव्हती, तो माणूस आता त्या विषयाचा ऑक्सफर्डमधला पहिला प्रोफेसर होता.

हे सुख चारच वर्षं टिकलं. १८ मे १९७५ ला संसर्गजन्य काविळीनं त्यांचं निधन झालं. वय ५८.

त्यांनी छापून आणलेलं काम त्यांच्या विचारांच्या मानानं फार थोडं होतं. कोपनहेगनच्या त्या नोट्सही त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. त्यांच्या प्रती या हातातून त्या हातात फिरत राहिल्या, लोक त्यावरून भाषा घडवत राहिले. अखेर २००० साली एका संशोधन पत्रिकेनं त्या रीतसर छापल्या. तोवर स्ट्रॅचींना जाऊन २५ वर्षं झाली होती.

तेव्हा एखाद्या सेमिस्टरला मार्क कमी पडले म्हणून कुणी सगळं संपलं असं धरून बसला असेल, तर त्याला हा किस्सा जरूर पाठवा. आणि पुढच्या व्हायवाला पॉलीमॉर्फिझमची व्याख्या सांगून झाली की स्ट्रॅचींचं नावही सांगून टाका.