हिवतापाचे गणित मांडणारा डॉक्टर : सर रोनाल्ड रॉस

पावसाळा ओसरू लागला की भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांमधून थंडी वाजून ताप भरलेले रुग्ण दवाखान्यांच्या दारी दिसू लागतात. पिंपे, उघड्या टाक्या, बांधकामांवर साचलेले पाणी आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, या साऱ्यांत डासाला हवे ते सर्व मिळते. या तापाचा डासाशी असलेला संबंध ज्याने प्रथम सिद्ध केला, त्या सर रोनाल्ड रॉस यांचे चरित्र म्हणूनच आजही या गावाला परके वाटू नये.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. उत्तर भारतात उठावाची ठिणगी पडली तो हाच महिना. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. मुलाला ओढ होती ती काव्याची, चित्रकलेची आणि संगीताची. वडिलांच्या आग्रहाखातर मात्र त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यक शिकले. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिली काही वर्षे कविता, कादंबरी आणि गणित यांतच त्यांचे मन अधिक रमले. पुढे हेच गणित त्यांच्या कामी आले.

१८८३ मध्ये बंगळूरला असताना बंगल्याजवळच्या पाण्याच्या पिंपात डासांची पैदास होते, हे त्यांच्या ध्यानी आले. पाणी ओतून देताच डास कमी झाले. पण या अनुभवाचा हिवतापाशी काही संबंध असेल, हे तेव्हा त्यांनाही सुचले नव्हते. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी पाहिला होता. रॉस यांना तो प्रथम दिसला १८९४ मध्ये, लंडनमध्ये, पॅट्रिक मॅन्सन यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली. हा परोपजीवी डासाच्या शरीरात वाढत असावा, हा मॅन्सन यांचा तर्क घेऊनच ते १८९५ मध्ये भारतात परतले. मुंबईत उतरल्यावर सामान जकातीतून सुटण्याची वाटही न पाहता ते थेट सिव्हिल हॉस्पिटलात हिवतापाचे रुग्ण शोधत गेले, असे सांगितले जाते.

पुढची दोन वर्षे कष्टाची गेली. डास पाण्यात मरतात, ते पाणी माणूस पितो आणि मग रोग होतो, अशी मॅन्सन यांची समजूत होती. या वाटेने रॉस बराच काळ भरकटले. त्यातच कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला बदली झाली आणि १८९७ मध्ये निलगिरीच्या पायथ्याशी त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. अखेर सिकंदराबादेत हुसेन खान नावाच्या रुग्णाला पैसे देऊन, ठिपकेदार पंखांच्या डासांकडून चावून घेण्यात आले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परोपजीवीच्या रंगकणांनी भरलेल्या पेशी आढळल्या. तो डास अॅनॉफिलिस जातीचा होता. हा दिवस आता जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

शोध पूर्ण होण्यापूर्वीच सरकारी आदेश आला आणि त्यांची रवानगी हिवताप जवळजवळ नसलेल्या राजपुतान्यातील खेरवाड्याला झाली. मॅन्सन यांच्या खटपटीने १८९८ मध्ये ते कलकत्त्याला आले. तेथे माणसांवर प्रयोग करणे अवघड असल्याने त्यांनी पक्ष्यांचा हिवताप हाती घेतला. महंमद बक्ष या साहाय्यकाच्या मदतीने त्या वर्षीच्या जुलैत त्यांनी परोपजीवी डासाच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचल्याचे पाहिले आणि डास चावून निरोगी पक्ष्यांना रोग होतो, हे दाखवून दिले. मानवी हिवतापाचे असेच चक्र इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. त्या श्रेयावरून उभयतांत कडवट वाद झाला. १९०२ चे नोबेल मात्र एकट्या रॉस यांना मिळाले. ग्रासी यांच्याविषयीचा कडवटपणा रॉस यांच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही.

त्यांच्या कार्याचा कमी चर्चिला गेलेला, पण आपल्यासाठी अधिक मोलाचा भाग पुढे आहे. नोव्हेंबर १९०७ मध्ये ते मॉरिशसला गेले. कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेली मराठी कुटुंबेही या बेटावर वसलेली होती. १८६० च्या दशकापूर्वी तेथे हिवताप ठाऊक नव्हता. तो आला तेव्हा कोणाच्याही रक्तात प्रतिकारशक्ती नव्हती, आणि माणसे हजारोंनी मेली. रॉस यांनी मुलांच्या वाढलेल्या प्लीहा मोजून रोगाचा पसारा आखला. डासांची पैदास रोखणे आणि कोयनेल देणे असे दोन्ही उपाय सुचवले. तेथेच त्यांनी गणित मांडले की, प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. माणसांच्या प्रमाणात डासांची संख्या एका मर्यादेखाली उतरली की रोग आपोआप विझतो. मर्यादा ओलांडलेली असेल, तर मात्र बाहेरून आलेला एक रुग्णही साथ पेटवू शकतो.

हे गणित मॉरिशसनेच पुढे खरे करून दाखवले. १९७३ मध्ये बेट हिवतापमुक्त ठरले. १९७५ मध्ये जर्व्हेस चक्रीवादळानंतर बाहेरून आलेल्या कामगारांबरोबर रोग परतला आणि तो आटोक्यात आणण्यास अनेक वर्षे लागली. भारतातही असेच घडले. १९६५ च्या सुमारास वार्षिक रुग्णसंख्या एक लाखावर आली होती. १९७६ मध्ये ती ६४ लाखांच्या पुढे गेली.

भिवंडीचे कोडे येथे उलगडते. हिवतापाची प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि ती वारंवार संसर्ग होत राहिला तरच टिकते. रोगाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाच्या रक्तात जंतू असूनही त्याला ताप नसू शकतो. काही वर्षे दूर राहिला की ते संरक्षण ओसरते. त्यामुळे गावाकडे जाऊन परतणारा मागावरचा कामगार, येथेच जन्मलेली त्याची मुले आणि नुकताच आलेला नवखा, या तिघांना एकाच डासाचा चावा वेगवेगळा भोवतो. २०२० च्या टाळेबंदीत कामगारांचे लोंढे गावी गेले आणि पुन्हा परतले, तेव्हा ही ये-जा सर्वांनीच पाहिली. व्हायव्हॅक्स प्रकारात जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. म्हणून रक्ततपासणी करून क्लोरोक्विनसोबत प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण करावा लागतो. गरोदर स्त्रिया आणि जी-६-पीडी न्यूनता असलेल्यांना हे औषध धोकादायक ठरते. फाल्सिपेरम प्रकारासाठी आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार आहेत. ताप उतरताच रोजंदारीसाठी औषध सोडणारा कामगार मात्र रोगाला पुन्हा घरात ठेवून घेतो.

रॉस यांना १९११ मध्ये सर हा किताब मिळाला. १९२६ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. १९२७ मध्ये कलकत्त्यात, ज्या रुग्णालयाजवळ त्यांनी काम केले त्याच्या आवारात, त्यांचे स्मारकद्वार उघडले गेले. पैशाची चणचण त्यांना आयुष्यभर जाणवत राहिली. आपले कागदपत्रही त्यांना विकावे लागले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. हयातभर त्यांनी सरकारांना एकच गोष्ट पटवून देण्याची धडपड केली, की साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पाणी साचू न देण्याचा खर्च कमी येतो. भिवंडीच्या छपरांवरील उघड्या टाक्या पाहिल्या, की त्यांची ही धडपड अजून संपलेली नाही, हे ध्यानी येते.